झाकणावरची हळद

१

सूर्यभाननं जीपचा फिल्टर खोलून वाटीत रिकामा केला. वाटीत पडलं ते डिझेल नव्हतं. पाणी होतं.

"पाटील, पाणी हाय हे," तो म्हणाला. त्यानं वाटी पुढं केली. "निव्वळ पाणी."

सिताराम पाटलांनी वाटीकडं बघितलंही नाही. मागच्या सीटवर त्यांची बायको पार्वतीबाई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तिला नाग डसला. घोट्याच्या वर फडकं बांधलं, सूर्यभानची जीप काढली आणि परभणीचा रस्ता धरला. करंजवाडीची शीव मागं पडते न पडते तोच जीपनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

यष्टी निघून गेली होती. डिझेलची टंचाई, त्यामुळं रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. सूर्यभाननं फिल्टर पुसला, पुन्हा बसवला, हातानं पंप मारला. पुन्हा पाणीच. शेवटी एक बैलगाडी मिळाली. गाडीत पार्वतीबाईच्या पापण्या मिटायला लागल्या. "मला झोप यायलीय," ती म्हणाली. परभणी दिसायच्या आत ती गेली.

सिताराम करंजवाडीचे पोलीस पाटील. गावात कुणी मेलं की ठाण्याला खबर द्यायची हे त्यांचंच काम. त्यांनी स्वतःच्या बायकोची खबर स्वतः लिहिली: साप चावून मृत्यू. लिहून झाल्यावर ते त्या ओळीकडं बघत बसले. साप जनावर होता. त्याच्यावर पाय पडला, तो चावला. पण टाकीत पाणी सापानं घातलं नव्हतं.

त्यांनी भिंतीवरचा कोयता काढला, दगडावर घासला आणि पिशवीत घातला.

सरण विझलं तेव्हा त्यांचा मेव्हणा, पार्वतीबाईचा भाऊ किशनराव, शेजारी येऊन बसला. पुढच्याच गावचा माणूस. त्याची मेटॅडोर परभणीच्या रस्त्यावर प्रवासी वाहायची. त्यानं डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना बोटानं काढला आणि अंगठ्यानं मळायला लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"दाजी, पारू माझी एकुलती एक भैन," तो म्हणाला. "तुमी नुस्तं नाव सांगा. नरडं मी धरतो."

२

नाव सांगायला गाव तयारच होतं. कुणी म्हणायचं, आखातातल्या भांडणानं बाईचा जीव घेतला. कुणी म्हणायचं, पंपवाल्यानं. सिताराम पिशवी घेऊन पंपावर गेले.

पंपावर डब्यांची आणि टिपाडांची रांग सडकेपर्यंत लागली होती. माणसं लिंबाखाली बसली होती आणि रांगेत त्यांच्या जागी डबे उभे होते. तहसीलचं कुपन असलं तरच डिझेल मिळायचं, तेही मोजकं. पंपाचा मालक भुजंगराव घामानं भिजलेला होता.

"तुमच्या तेलात पाणी व्हतं," सिताराम म्हणाले.

"बसा पाटील."

"बसायला आलो न्हाई."

भुजंगरावानं पिशवीकडं बघितलं. पिशवीतला आकार त्याला कळला. तरी तो जागचा हलला नाही.

"मला रोज पन्नास माणसं शिव्या देतेत," तो म्हणाला. "भाव वाढला तर भुजंग चोर. तेल सरलं तर भुजंग चोर. हे तेल येतं कुठून, ते तरी ऐका. थोडं आपल्या मुंबईजवळ समुद्रातून निघतं. ते देशाला पुरत न्हाई. बाकीचं आखातातून जहाजानं येतं. इराकनं कुवेत गिळलं, दोनी मुलखांचं तेल बंद झालं. तेल घटलं, घेणारे तेवढेच. मंग ज्याच्याजवळ हाय त्यो सांगंल त्यो भाव. आन् हे सगळं डॉलरात घ्यावं लागतं. सरकारची डॉलरची थैली फाटलेली. मंग सरकारनं काय केलं? दिवाळीच्या तोंडावर शेकडा पंचवीस अधिभार ठोकला. त्यात मला काय मिळालं? शिव्या."

"मला भावाचं सांगू नका. पाण्याचं सांगा."

"तेच सांगायलोय. मुंबईला तेल शुद्ध करतेत. तिथून मनमाडकडं येतं, मनमाडहून टँकर हितं. टँकर आला की मी आधी दांडीला लेप लावून आत बुडवतो. पाणी आसंल तर लेपाचा रंग पालटतो. पालटला तर टँकर आल्या वाटेनं माघारी."

"हे तुमी सांगता."

"मी सांगतो ते ऐकूच नका. दिवाळीच्या पाडव्याला सूर्यभाननं जीप भरली, तवाच तुमच्या विहिरीवरल्या इंजिनासाठी एक डबा नेला. एकच नळ, एकच घडी. त्यो डबा घरी हाय का?"

डबा घरी होता. त्याचं बूचसुद्धा निघालं नव्हतं.

"त्यो उघडून बघा," भुजंगराव म्हणाला. "त्यात पाणी निघालं तर कोयता घेऊन परत या. मी हितंच हाय."

३

सितारामांनी घरी येऊन डब्यातलं डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतलं. बाटली खिडकीत ठेवली आणि समोर बसून राहिले. पाणी जड असतं, तळाला जातं, हे इंजिन चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

दुपार कलली. बाटलीत वरपासून खालपर्यंत एकच रंग होता. तळाला थेंबभरही पाणी नव्हतं.

म्हणजे आखातातून निघालेलं तेल समुद्र ओलांडून, मुंबई, मनमाड, भुजंगरावाचा हौद असं करत करंजवाडीपर्यंत चांगलं आलं होतं. पाणी त्यानंतर पडलं. आणि सणाचे दोन दिवस भाडं बंद असल्यानं जीप त्यानंतर एकाच ठिकाणी उभी होती. सितारामांच्या अंगणात, फाटकाच्या आत.

भाव वाढल्यापासून रबरी नळी घालून डिझेल चोरणं सुरू झालं होतं. सूर्यभानचं घर बौद्ध वस्तीत, तिथली गल्ली अरुंद, जीप आत जात नसे. "पोलीस पाटलाच्या अंगणातून कोण चोरतंय?" असं म्हणून पार्वतीबाईनंच जीप इथं लावायला सांगितलं होतं.

पाडव्याची संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढं आली. पार्वतीबाई तबक घेऊन जीपपुढं उभी. सूर्यभान अवघडलेला.

"काकू, आमच्यात पूजा करत न्हाईत."

"का रे? तुज्या जीपला माजी दिष्ट लागंल का?"

"तसं न्हाई काकू. पण कुंकू, नारळ, आमी सोडलंय हे समदं."

"मंग कुंकू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नुस्ती हळद लावते. हळद काय, जखमेला पण लावतेत. आन् वर न्हाई लावत. जीप जिथं जेवती ना, तिथं लावते." असं म्हणून तिनं टाकीच्या झाकणावर ओल्या हळदीची चार बोटं ओढली. सूर्यभान हसला. सितारामही हसले.

त्यानंतर ते घरात कुणाशी हसले नव्हते.

चोर फाटकाच्या आत आलेला होता. पाडव्यानंतर आत कोण कोण आलं? सूर्यभान. सालगडी लिंबाजी. आणि भाऊबीजेला किशनराव. पण किशनरावाला त्यांनी हिशेबात धरलंच नाही. तो तिचा भाऊ होता. म्हणजे उरले दोघं.

४

लिंबाजी गोठ्याबाहेर बिडी ओढत बसला होता. सितारामांना बघून त्यानं बिडी विझवली.

"जीपच्या जवळ कोण गेलं व्हतं रं?"

"मी तर न्हाई मालक. बिडीच्या पायी बाई मला जीपच्या आसपास फिरकू देत नव्हत्या. म्हणायच्या, तू एक दिवस माजं अंगण पेटवशील." तो रडवेला झाला. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी तेवढं पावण्यांचे दोन डबे घेऊन सडकेपतुर गेलो."

"दोन? बाईनं तर एकच भरला व्हता. करडईच्या तेलाचा."

"दोन व्हते मालक. एका हातात एक."

सितारामांना वाईट वाटलं. पार्वतीबाईनं नवऱ्याला न सांगता भावाला एक डबा जास्त दिला असेल. बहिणी देतातच. तिला काय ते रागावले असते? दोन काय, चार दिले असते तरी चाललं असतं.

ते तिथून उठले आणि वस्तीत गेले. सूर्यभान दारात उभा होता. कालपासून त्याच्या घरावर दगड पडत होते. त्याची म्हातारी आई आत कोपऱ्यात बसून होती. नामांतराच्या पहिल्या दंग्यात तिचं घर जळालं, तेव्हा पार्वतीबाईनं तिला आपल्या स्वयंपाकघरात आणून निजवलं होतं. सूर्यभान तेव्हा पोरगा होता. आणि आता गाव म्हणत होतं, यानंच त्या जळिताचा सूड घेतला.

"तुमी पण त्याच्यासाठीच आलात का पाटील?" सूर्यभान म्हणाला. त्याची नजर पिशवीवर होती.

"मी इचारायला आलो."

"मंग इचारा. बँकेचं कर्ज काढून घेतलेली जीप हाय. तिच्या पोटात पाणी मी घालीन का? काकू त्या दिवशी जीपमधी बसणार हे मला सपनात दिसलं व्हतं का?"

"डिझेल कमी झालं हे तुला कसं कळलं न्हाई?"

"कमी झालंच न्हाई. काटा भरलेलाच दाखवत व्हता. कुणीतरी काढलं तेवढं पाणी घातलं. आधी इंजिन चालू झालं ते फिल्टरात व्हतं त्या डिझेलवर." त्यानं मान खाली घातली. "ज्यानं केलं त्याला इंजिनाची अक्कल हाय. पाणी घातल्यावर जीप मरती, हे ठावं असणारा हाय त्यो."

"तुझ्यावर कुणाचा डोळा व्हता?"

"भाव वाढल्यावर समद्यांनी भाडं वाढवलं. मी न्हाई वाढवलं. जीप भरून जायची, बाकीच्यांच्या गाड्या मोकळ्या. आता कुणाचं नाव घेऊ? माझं कोण खरं मानतंय?"

परत आल्यावर सिताराम जीपजवळ थांबले. बैलांनी ओढून आणलेली जीप तशीच उभी होती. झाकणावर हळदीकुंकवासारखे डाग होते, एकावर एक. त्यांना ते बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

ओट्यावर किशनराव चार माणसं घेऊन बसला होता.

"दाजी, तुमी त्या पोराकडं नुस्तं बोलून आलात?" तो म्हणाला. "तुमच्यानं व्हत नसंल तर ऱ्हाऊ द्या. दहाव्याला समदे जमतील. पिंडाला कावळा शिवला की आदी ती जीप पेटवू. मंग वस्तीकडं जाऊ."

सितारामांनी त्याला नाही म्हटलं नाही. त्या घडीला त्यांच्याही मनात तेच होतं.

५

दहाव्याच्या आदल्या दिवशी सितारामांचं मनगट पुन्हा सुजलं. पार्वतीबाईला जीपमधून बैलगाडीत उचलून घेताना ते मुरगळलं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूच्या मात्र ते नजरेत आलं. सरजाबाई लेकीच्या मरणापासून इथंच होती. दिवसभर बोलायची नाही, पण जावयाच्या ताटात काय पडतं ते बघायची.

"हिकडं या," ती म्हणाली. "हात दावा. लेप लावते."

तिनं वाटीत हळद कालवली. पिवळी धमक. मग कमरेची डबी काढली आणि बोटभर चुना त्या हळदीत घातला. बोट फिरलं तिथं हळद लाल झाली. विटेसारखी, वाळल्या रक्तासारखी. सिताराम बघत राहिले.

"काय झालं? पोळतंय का?"

"आत्या, ही लाल कशानं झाली?"

"आता ग बाई, चुना घातल्यावर हळद लालच व्हती. एवढं म्हायीत न्हाई का? तुमच्या बायकूनं कधी लेप लावला न्हाई?"

लावला होता. कितीदा तरी लावला होता. त्यांनी कधी वाटीकडं बघितलं नव्हतं.

हातावरचा लेप तसाच घेऊन ते उठले आणि अंगणात गेले. उन्हात जीपचं झाकण लख्ख दिसत होतं. चार पिवळी बोटं, पार्वतीबाईची. त्यांच्यावर, झाकण फिरवताना जिथं हात धरतो तिथं, एक लाल अंगठा आणि बाजूला दोन लाल बोटं.

ते कुंकू नव्हतं. तिनं कुंकू लावलंच नव्हतं. हे गावाला माहीत नव्हतं. ते तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मेली होती.

हळदीवर चुन्याचा हात पडला होता. सूर्यभान कशालाच शिवत नाही, ना तंबाखू ना बिडी. लिंबाजी फक्त बिडी ओढतो. सितारामांनी स्वतः तंबाखू कधी खाल्ली नाही. सरजाबाई चुना खाते, पण ती लेक गेल्यावर आली. पाडव्यानंतर आणि त्या दिवसाच्या आधी या फाटकाच्या आत चुन्याची डबी एकाच माणसाच्या खिशात आली होती.

आणि जाताना त्याचे डबे दोन होते.

सितारामांनी लिंबाजीला बोलावलं आणि फौजदारांकडं निरोप धाडला. मग पिशवीतला कोयता काढून परत भिंतीला अडकवला. त्यांचा राग निवाला नव्हता. उलट, कोयत्यानं भागेल एवढा तो लहान राहिला नव्हता.

६

दहाव्याचा विधी झाला. नदीवरून माणसं परत आली आणि अंगणात जमली. बायका आत रडत होत्या. किशनराव डिझेलचा डबा घेऊन जीपपाशी उभा राहिला.

"थांबा," सिताराम ओट्यावरून म्हणाले. "पेटवायच्या आदी मला एक इचारायचंय. सूर्यभानला पण बोलावलंय मी."

सूर्यभान फाटकातून आत आला. माणसं गुरगुरली. त्याच्यामागं पाटलांचा माणूस, लिंबाजी होता, म्हणून कुणी हात उचलला नाही. सितारामांनी झाकण फिरवून काढलं, फडक्यात धरून किशनरावापुढं नेलं.

"किशनराव, हे काय हाय?"

"काय म्हंजी? हळदकुंकू. पारूनं पूजा केली व्हती जीपची." तो जमलेल्या माणसांकडं वळला. "ज्या जीपची पूजा केली त्याच जीपनं..."

"पिवळी ती हळद. मंग लाल काय?"

"कुंकू की दाजी! लाल दुसरं काय असतंय?"

"सूर्यभान, सांग."

"काकूनं कुंकू लावलं न्हाई," सूर्यभान म्हणाला. "मी नको म्हणलो व्हतो. नुस्ती हळद लावली."

"खोटं बोलायलाय!"

"मी तिथं उभा व्हतो किशनराव," सिताराम म्हणाले. "आता तुमी तंबाखू मळा."

"आँ?"

"रोज मळता तशी मळा. समद्यांच्या समोर."

किशनराव हलला नाही. सितारामांनीच त्याच्या खिशातून डबी काढली, त्याचा उजवा हात धरला आणि अंगठा चुन्यात दाबला. लिंबाजीनं हळदीचं ताट पुढं केलं. सितारामांनी तो अंगठा हळदीवर टेकवला आणि उचलला. ताटात लाल अंगठा उमटला.

"इराकनं कुवेत घेतलं तरी तेल करंजवाडीपतुर चांगलं आलं," सिताराम म्हणाले. "माझ्या अंगणात त्याचं पाणी झालं. भाऊबीजेच्या रात्री माझ्या घरी जेवलात. तिनं ओवाळलं तुमाला. सकाळी तिच्या रांजणातलं पाणी घेतलं आन् एक डबा डिझेल काढलं. करडईच्या तेलाचा एक डबा तिनं दिला. दुसरा कशाचा व्हता?"

"दाजी..."

"लिंबाजीच्या हातानं नेला तुमी. बोला, कशाचा व्हता?"

किशनराव जागीच बसला. त्याच्या हातातला डबा कलंडला आणि डिझेल मातीत जिरायला लागलं.

"माझी मेटॅडोर मोकळी जायला लागली व्हती," तो म्हणाला. "भाव वाढला, भाडं वाढवलं तर लोक ह्याच्या जीपमधी बसायला लागले. म्हणलं, आठ दिस जीप बंद पडली तर लोक परत येतील. एवढंच. त्येच्यावर पारू बसंल हे मला काय ठावं? दाजी, माझ्या गळ्याची आण, मला काय ठावं!"

"आन् ह्या पोराचं घर जाळायला निघालात, ते तरी ठावं व्हतं ना?"

किशनरावानं मातीत डोकं टेकवलं.

"मारा मला," तो म्हणाला. "कोयता काढा. मी मान देतो."

"न्हाई. फौजदार आत बसलेत, ते तुमाला नेतील. पण त्याच्या आदी एक काम करायचं. आत तुमची आई बसलीय. तिनंच हळदीत चुना कालवून मला दावला, पण कशासाठी ते तिला ठावं न्हाई. आत जा आन् तिला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

"तेवढं नका सांगू दाजी. पाया पडतो."

"उठा."

कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही. किशनराव उठला, भिंतीला हात लावत लावत दारातून आत गेला. बाहेरची माणसं ऐकत उभी होती. आत बायकांचं रडणं चालू होतं. मग ते एकदम थांबलं.

ती शांतता सिताराम पाटलांनी पूर्ण ऐकली. मान खाली घातली नाही. त्यांना तेच हवं होतं.

थोड्या वेळानं फौजदार किशनरावाला घेऊन बाहेर आले. "पाटील, ते झाकण द्यावं लागंल," ते म्हणाले. "पुरावा हाय. कोर्टात जाईल."

"परत कधी मिळंल?"

"आता ते मी कसं सांगू?"

सितारामांनी झाकण हातात घेतलं. पिवळी चार बोटं अजून स्पष्ट होती. करंगळी बारीक, मधलं बोट थोडं वाकडं. लहानपणी जात्यात सापडून ते वाकडं झालं होतं. घरात तिचा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता.

हळद पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कडेनं धरून झाकण फौजदारांच्या फडक्यात ठेवलं. फौजदारांनी गाठ मारली.

सूर्यभाननं खांद्यावरचा पंचा फाडला, त्याचा बोळा केला आणि जीपच्या टाकीच्या तोंडात घट्ट बसवला.